दाराबाहेरचा ‘मी’

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या जुन्या घरी रात्री साडेनऊला कडी वाजते. आतून आवाज येतो, “कोण?” बाहेरून उत्तर येतं, “मी.” नाव नाही, आडनाव नाही, कामाचं कारण नाही. तर्काने पाहिलं तर हे उत्तर अगदी निरुपयोगी, कारण जगातला प्रत्येक माणूस ‘मी’च असतो. तरी आतली बाई हातातलं काम टाकून उठते आणि कडी काढते. तिला माहिती नको असते, आवाज पुरतो. नाव सांगावं लागतं ते कुरियरवाल्याला, मीटर बघायला आलेल्याला आणि पंधरा वर्षांनी उगवलेल्या मावसभावाला.

ख्रिस्ती श्रद्धेत ‘देव कोण आहे’ हा विषय निघाला की बोलणं फार लवकर जड होतं. त्रैक्य, तत्त्व, देहधारण. इ. स. ३२५ मध्ये निकाया इथे बिशप जमले, पुत्र (म्हणजे येशू) पित्याशी एकतत्त्व आहे असं त्यांनी ठरवलं, आणि ते ठरवणं गरजेचंच होतं. पण मंगळवारी सकाळी पोहे फोडणीला टाकताना गॅस संपला, मुलाची बस चुकली आणि सासऱ्यांची साखर वाढली, अशा वेळी त्या शब्दाचं काय करायचं, हे निकायाच्या मतांगीकारात, म्हणजे तिथे ठरलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, लिहिलेलं नाही. माझ्या मते बायबल स्वतः देवाची ओळख करून देतं ती सभागृहात कमी आणि दाराच्या कडीपाशी जास्त.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा तिसरा अध्याय पाहा. मोशे सासऱ्याची मेंढरं चारतो आहे. झुडूप पेटलंय, पण जळून जात नाही. गुलामगिरीतल्या इस्राएल लोकांना सोडवण्यासाठी देव त्याला मिसर देशात जायला सांगतो. मोशे दोन प्रश्न विचारतो, आणि ते कोणत्या क्रमाने विचारतो ते महत्त्वाचं आहे. पहिला प्रश्न : फारोपुढे (मिसरच्या राजापुढे) जायला मी कोण? दुसरा : लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, “मी आहे तो आहे.” हिब्रूत ते तीनच शब्द आहेत, एह्ये अशेर एह्ये. ‘एह्ये’ हे ‘असणे’चं रूप आहे. आहे, असतो, असेन, या तिन्ही छटा त्यात मावतात. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचं ‘जो आहे तो’ असं केलं आणि पुढे तत्त्वज्ञांनी त्यावर शुद्ध अस्तित्वाचे मनोरे उभारले. मनोरे वाईट नाहीत. पण हाच ‘एह्ये’ दोनच वचनं आधी, बाराव्या वचनात, येऊन गेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ एखाद्या पोरालाही कळेल असा आहे : “मी तुझ्याबरोबर असेन.” मोशेने विचारलं होतं, मी कोण? उत्तरात ‘तू शूर आहेस, तू निवडलेला आहेस’ असं काहीच आलं नाही. आलं ते देवाचं सोबत असणं. माणसाची ओळख आणि देवाची ओळख एकाच क्रियापदावर उभी आहे.

मराठीत यासाठी फार सोपं वाक्य आहे. दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या खिडकीपुढे, पहिल्यांदा सायकलवर बसलेल्या पोरामागून धावताना आपण ते म्हणतो : “मी आहे ना.” हे वाक्य व्याख्या नाही. त्याने समोरच्याला काही नवीन कळत नाही, त्याचे खांदे मात्र खाली येतात. छापील भाषांतरात ‘ना’ घालता येत नाही, ते बरोबरच आहे. मूळ वाक्यात थोडी आडकाठीही आहे, ‘नावावरून मला मुठीत धरू नकोस’ अशी. पण घरात मोठ्याने वाचताना तो ‘ना’ ऐकू यायला हरकत नाही.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, तर दार जवळजवळ खरंच वाजतं. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेत, सहाव्या अध्यायात रात्रीचा चौथा प्रहर आहे, म्हणजे पहाटेचे तीन ते सहा. वारा उलटा, वल्ही मारून शिष्य थकलेले, आणि पाण्यावरून कोणीतरी येताना दिसतं. भूत समजून ते ओरडतात. येशू म्हणतो, “धीर धरा, मी आहे, भिऊ नका.” ग्रीकमध्ये तिथे ‘एगो एइमी’ आहे. नाव सांगितलेलंच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात याच ‘मी आहे’ला सात वेळा एकेक वस्तू जोडलेली सापडते : भाकर, प्रकाश, दार, मेंढपाळ, पुनरुत्थान, मार्ग, द्राक्षवेल. यातल्या पहिल्या तीन तर कुठल्याही घरात स्वयंपाकघरातून बाहेर पडेपर्यंत भेटतात.

आता नावाचा गुंता. इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती घराला तो दर रविवारी भेटतो. घरचं बायबल मराठी, चर्चमधलं बहुधा हिंदी. घरी तेविसावं स्तोत्र सुरू होतं ते “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” असं. व्यासपीठावरून ऐकू येतं, “यहोवा मेरा चरवाहा है।” लहान मुलं हमखास विचारतात, हे दोन वेगळे आहेत का? मोठे ‘एकच रे’ म्हणून गप्प बसवतात. प्रश्न मात्र चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे.

हिब्रू शास्त्रात देवाचं नाव चार व्यंजनांनी लिहिलेलं आहे : योद, हे, वाव, हे. ते सुमारे ६,८०० वेळा येतं. यहुदी लोकांनी आदरापोटी ते उच्चारणं सोडलं. पानावर ती चार अक्षरं दिसली की वाचणारा ‘अदोनाय’ म्हणतो, म्हणजे प्रभू. पुढे स्वरचिन्हं घालायची पद्धत आली तेव्हा त्या चार व्यंजनांना अदोनायचे स्वर लावून ठेवले, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. ज्यांना ही खूण माहीत नव्हती त्यांनी व्यंजनं आणि स्वर एकत्र वाचले, त्यातून ‘यहोवा’ हा उच्चार रूढ झाला. हिंदीच्या प्रचलित बायबलने नाव ठेवलं, मराठीच्या प्रचलित बायबलने वाचनाची रीत ठेवली. दोघांनी आपापल्या परीने एकाच अक्षरांचा मान राखला आहे.

मराठी माणसाला हे खरं तर सांगावंच लागू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही. ‘अहो’, ‘इकडून’, ‘स्वारी’ यांवर पन्नास पन्नास वर्षांचे संसार झाले. नाव घ्यायचंच झालं तर उखाण्यात, चार ओळींच्या मखमलीत गुंडाळून. नाव ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! ते इतकं आपलं होतं की उघड्यावर ठेवायचं नव्हतं. ही रीत बायकांवरच का लादली, हा वाद वेगळा आणि रास्त आहे. पण ‘अदोनाय’ कळायला मराठी घरात ‘अहो’ पुरतो.

आणि जिथे ‘अहो’ अपेक्षित, नेमकं तिथे प्रार्थनेत ‘तू’ येतो. “हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.” इंग्रजीत आज एकच ‘यू’ आहे, त्यामुळे तिथल्या वाचकाला यात काही जाणवत नाही. मराठीत जाणवतं. जुन्या वळणाच्या घरात आईला ‘अगं तू’ आणि वडिलांना ‘अहो तुम्ही’. इंदुरी मराठीत तर हिंदी ‘आप’चं वजन पडून ‘आपण बसा’ असंही ऐकू येतं. अशा भाषेत पित्याला ‘तुझे’ म्हणायचं म्हणजे वडिलांना आईचं सर्वनाम द्यायचं. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली, त्याचं मूळ इथे आहे. यशया ६६:१३ मध्ये देव स्वतःच म्हणतो की आई समजूत घालते तशी मी तुमची घालीन. रोमकरांस पत्रात (८:१५) ‘अब्बा, बापा’ अशी हाक आहे. अब्बा हा अरामी शब्द. तो फक्त तान्ह्यांचा बोबडा शब्द आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते बरोबर नाही. मोठी झालेली मुलंही वडिलांना तशीच हाक मारत. त्यामुळे जवळीक कमी होत नाही, उलट वाढते. चाळिशीतला, कर्जाचे हप्ते भरणारा माणूसही ती हाक मारू शकतो.

तेविसाव्या स्तोत्रात हीच गोष्ट व्याकरणात घडते. पहिली तीन वचनं देवाबद्दल आहेत : तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि ‘तो’ एकदम ‘तू’ होतो : “तू माझ्याबरोबर आहेस.” कुरणात देवाविषयी बोलता येतं. दरीत त्याच्याशीच बोलावं लागतं. वाचताना इथे सर्वनामावर किंचित थांबावं. बहुतेक जण ‘दरी’वर आवाज चढवतात आणि खरी जागा हुकते.

मेंढपाळ ही प्रतिमा परदेशी आहे, आपल्याकडे ती कोणाला भिडणार, असा आक्षेप घेणाऱ्यांनी इंदुरात तरी तो घेऊ नये. ज्या होळकरांच्या राजवाड्यासमोर उभं राहून आपण गाडी लावायला जागा शोधतो, ते घराणं धनगरांचं. कुरणं संपली की कळप कुठे हलवायचा, मागे राहिलेलं लंगडं कोकरू कोण उचलणार, रात्री मेंढवाड्याच्या तोंडाशी कोण आडवं होणार, हे प्रश्न या शहराच्या मुळातच आहेत. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू आधी म्हणतो मी दार आहे आणि लगेच म्हणतो मी मेंढपाळ आहे. मेंढवाड्याच्या फटीत आडवा झालेला मेंढपाळ डोळ्यांपुढे आणला की दोन्हींचा मेळ बसतो. आणि मेंढरं त्याला कशावरून ओळखतात? आवाजावरून. पुन्हा तीच कडी.

याच घराण्यातल्या अहिल्याबाईंच्या हुकुमांवर ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असं लिहिलेलं असे. ख्रिस्ती प्रार्थना ‘येशूच्या नावाने’ या शब्दांनी संपते तेव्हा तिचं काम काहीसं असंच असतं. पुष्कळजण त्याचा पासवर्ड करतात : मागणं काहीही असो, शेवटी हे शब्द टाकले की दार उघडलं पाहिजे. ते मुखत्यारपत्र आहे. ज्याच्या नावाने कागद निघतो, त्याने स्वतः सही केली असती असाच मजकूर वर असायला हवा. मराठी बायबलात यासाठी ‘कारभारी’ हा आपला शब्द आहे, आणि येशूचा प्रेषित पौल सांगतो की कारभारी म्हटला की तो विश्वासू असला पाहिजे. शेजाऱ्याचं बांधकाम बंद पडावं म्हणून केलेल्या प्रार्थनेखाली ते नाव लिहिताना हात अडला, तर तो अडू द्यावा.

येशूने शिकवलेल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रभूच्या प्रार्थनेतली दोन वाक्यं रोजच्या घराशी सगळ्यात जास्त झगडतात. पहिलं भाकरीचं : “आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.” गंमत अशी की माळवा गव्हाचा, इंदूरच्या मराठी घरात रोज पोळी, रविवारी दाल-बाफले, पण ‘आमची रोजची पोळी’ असं कोणी म्हणत नाही. भाकरच बरोबर आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशूने गर्दीला वाटलेल्या, एका मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, गरिबाचं धान्य. ‘रोजची’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे, एपिऊसिओस, तो सबंध नव्या करारात याच प्रार्थनेत येतो, मत्तयात एकदा आणि लूकमध्ये एकदा. आजची, उद्याची, गरजेपुरती असे सगळे अर्थ अभ्यासकांनी लावले आहेत. मला मान्ना आठवतो, मिसरमधून निघालेल्या इस्राएल लोकांना अरण्यात देवाकडून मिळणारं अन्न : माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर भरेल इतका, रोज वेचायचा. उद्यासाठी ठेवला तर किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. महिन्याचा किराणा भरणाऱ्या घराने हे वाक्य कसं म्हणायचं? डबे रिकामे करून नव्हे. ‘आमची’ या शब्दावर थांबून. ‘माझी भाकर’ असं त्या प्रार्थनेत कुठेच नाही, आणि आपल्या डब्यातलं कोणाचं तरी आजचं असू शकतं.

दुसरं वाक्य ऋणाचं. हिंदी प्रार्थनेत ‘अपराधी’ आहेत, मराठीत “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे”. मत्तयाचा ग्रीक शब्द खरोखरच देण्याघेण्यातला आहे, त्यामुळे इथे मराठी मूळच्या जास्त जवळ आहे. आणि इंदूर हे उधारीचं मोल जाणणारं गाव. ख्रिश्चन कॉलेजच्या कँटीनमधली किशोरकुमारची पाच रुपये बारा आण्यांची बाकी लोक अजून हसत हसत सांगतात. अपराध म्हटलं की आपण कोर्टात जातो. ऋण म्हटलं की वही उघडते, आणि वहीत आकडे असतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात येशू आकडेच देतो. एका चाकराला दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब करा : सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. ते त्याला माफ झालं, आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी, म्हणजे चार महिन्यांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरला. शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नाही हे लक्षात घ्यावं. आपल्यालाही लोक खरंच काहीतरी देणं असतात : माफी, हिस्सा, एक फोन. दाखला ते नाकारत नाही.

करून पाहायचं असेल तर कागदावर एकच नाव लिहावं. त्याखाली, तो माणूस नेमकं काय देणं आहे ते. ‘त्याने मला दुखावलं’ असं मोघम नको, वस्तू लिहावी. मग आपण व्याज किती वसूल केलं ते. इथे पेन थांबतं. कारण आपण बहुधा मुद्दल सोडलेली असते आणि व्याज सुरू ठेवलेलं असतं. दर लग्नात एक टोमणा, दर दिवाळीला एक आठवण, मुलांसमोर एक वाक्य. व्याज बंद करणं हे पहिलं काम, आणि ते त्याच आठवड्यात करता येतं. मुद्दलीला वर्षं लागू शकतात. क्षमा म्हणजे काही घडलंच नाही असं म्हणणं, ही यातली नेहमीची चूक. घडलं नसेल तर सोडायचं काय?

या बाबतीत इंदूरला फार लांब बघावं लागत नाही. सिस्टर राणी मारिया ही कॅथलिक जोगीण उदयनगरच्या भागात आदिवासींमध्ये काम करायची. सावकाराच्या फासातून लोकांनी सुटावं, बँकेचं, सरकारी योजनेचं कर्ज स्वतःच्या नावावर घ्यावं, यासाठी तिने त्यांना उभं केलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये तिच्यावर सुऱ्याने वार झाले आणि ती गेली. तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर, २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. शिक्षा चालू होती; गजांच्या आतच राखी बांधली गेली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. ऋणातून माणसं सोडवताना मारलेली बहीण आणि ऋण सोडणारी बहीण. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू ‘मी’ कुठे कुठे भेटतो ते सांगतो : भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिशाळेतला. तिथे नीतिमानांनाही तो ओळखू आलेला नसतो. तेही विचारतात, प्रभो, कधी?

उरली घरची प्रार्थना. बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. अर्ध्या तासाच्या हट्टाने ती दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. एक स्तोत्र, मिनिटभर शांतता, ज्याला बोलायचं त्याने दोन वाक्यं, शेवटी प्रभूची प्रार्थना. बिघडतं ते ठरलेल्या जागांवर. ‘प्रभू’ हा स्वल्पविराम होतो, एका प्रार्थनेत वीस वेळा. भाषा एकदम गंभीर होते, रोज ‘अगं ऐक’ म्हणणारी बाई अचानक ‘कृपावंता’वर जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रार्थनेतून मुलाला टोचणं : “प्रभू, ह्याला मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे.” ‘ह्याला’ शेजारीच डोळे मिटून बसलेला असतो आणि त्याला सगळं कळतं. तिथे ‘तू’ देवाचा राहत नाही. मुलांना हिंदीत बोलायचं असेल तर बोलू द्यावं. माणसाने ज्या भाषेत भांडता येतं त्याच भाषेत प्रार्थना करावी.

बायबलमध्ये स्तोत्रं १५०. रोज पाच घेतली तर महिन्यात संपतात, आणि खुणेची फीत लागत नाही. तारीख हीच खूण : १२ तारखेला १२, ४२, ७२, १०२, १३२. पाच जड होत असतील तर पाचांतलं एकच निवडावं. १६ तारखेला १३६वं येतं, त्यात ‘त्याची दया सनातन आहे’ हे सव्वीस वेळा आहे. ते एकाने ओळ आणि सगळ्यांनी पालुपद असं म्हणावं, लहान मुलं खूश असतात. २८ला ८८वं. ते अंधारातच संपतं, कुठलाही दिलासा न देता. त्यामागे घाईने आनंदाचं गाणं जोडू नये. कोणाच्या तरी घरी ती रात्र चालू असते. खरी अडचण २९ला : ८९वं बावन्न वचनांचं आणि ११९वं १७६ वचनांचं, एकाच दिवशी. फेब्रुवारीत तर ती तारीख बहुधा येतच नाही. उपाय सोपा आहे. ३१ तारखेच्या वाट्याला एकही स्तोत्र येत नाही, म्हणून ११९वं तेव्हासाठी ठेवावं. हिब्रू वर्णमालेची बावीस अक्षरं, प्रत्येकाची आठ वचनं. कुटुंबात वाटून घेतली की होतं. एकशे पंचाहत्तर वचनं नियमशास्त्राची गोडी गातात, आणि शेवटच्या वचनात वाचणारा म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, तूच मला शोध. ते वचन घरातल्या सगळ्यात लहान माणसाला वाचायला द्यावं. त्यानंतर काही जोडायचं नाही. दार लावलंय का ते बघायचं आणि झोपायचं.